घरच्या कॅमेऱ्याची लॅन वायर आणि तिची दुखणी: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कॅमेरा बंद पडला की लोक आधी कॅमेऱ्याला दोष देतात, मग कंपनीला, मग ज्यानं बसवला त्याला. वायरीकडे कुणी बघत नाही. ती एकदा केसिंग पट्टीत गेली की घरात आहे हेच विसरलं जातं. मी नागपुरात बरीच वर्षं हे काम करतो आणि बहुतेक वेळा दुखणं वायरीच्या दोन टोकांच्या शेवटच्या दोन इंचांत सापडतं. म्हणून लोक फोनवर जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

सगळं लिहिलंय ते आयपी कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे ज्यांना लॅन केबल, पीओई स्विच (सगळ्या लॅन वायरी जिथे येतात आणि जो त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही देतो तो डबा) आणि एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) लागतो. तुमच्याकडे गोल काळी वायर आणि डीव्हीआर (जुन्या पद्धतीचा रेकॉर्डर) असेल तर यातलं थोडंच कामाला येईल.

कॅमेरा चालूच होत नाही. खराब वायर आहे की कॅमेरा, हे घरच्या घरी कसं ओळखू?

कॅमेरा खाली उतरवा, स्विचजवळ आणा आणि मीटरभराच्या तयार पॅच कॉर्डनं (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या लॅन केबलनं) जोडा. चालला तर दोष भिंतीतल्या वायरीत. नाही चालला तर स्विचचं दुसरं पोर्ट बघा, तरीही नाही तर कॅमेरा गेला. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता नवा कॅमेरा आणणारे लोक मी पाहिलेत, आणि नवा कॅमेराही त्याच जुन्या वायरीवर तसाच मुका राहतो.

शिडी लावायचा कंटाळा असेल तर आणखी एक युक्ती. संध्याकाळी कॅमेऱ्याच्या तोंडावर तळहात धरा, अगदी चिकटवून. साध्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात आतून ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि बोटांच्या फटीतून मंद लाल ठिपके दिसतात. म्हणजे वीज पोचते आहे. एवढं होऊनही एनव्हीआरवर चित्र नसेल तर बहुधा डेटाच्या चार तारांपैकी एखादी तुटली आहे. १०० एमबीपीएसच्या कॅमेऱ्याला डेटासाठी कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ या पिना लागतात. साध्या इंजेक्टरची (लॅन वायरीत वीज सोडणाऱ्या छोट्या डबीची) वीज ४-५ आणि ७-८ वरून जाते. त्यामुळे असा इंजेक्टर असेल तर डेटाची जोडी तुटली तरी वीज चालू राहते, आणि आपण कोड्यात पडतो की दिवे लागतात मग चित्र का नाही.

तारांचे रंग कसे लावायचे? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगून राहिला.

पद्धती दोनच आहेत, ए आणि बी. आपल्याकडे बी चालते. कनेक्टरची खिट्टी खाली आणि पिना वर, टोक तुमच्यापासून लांब धरलं की डावीकडून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवीन पोरांना मी एवढंच सांगतो की आपण संत्र्याच्या गावचे, सुरुवात संत्र्यापासून करायची. ए पद्धतीत केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते, बाकी काही फरक नाही.

दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी आजचे स्विच ते सांभाळून घेतात, कॅमेरा चालतो. पण पुढे कुणी एकच टोक बदललं की घोळ होतो, म्हणून जे आहे ते मार्करनं वायरीवर लिहून ठेवा.

टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात, तरी चित्र अडकतं. मग वायर चांगली कशी म्हणायची?

म्हणूच नका. वीस वर्षं घरांचं वायरिंग केलेला, हाताचा पक्का इलेक्ट्रिशियनसुद्धा इथे फसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅन केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. ती पिळण दिसायला साधी असली तरी सगळं कौशल्य तिच्यातच आहे. एका जोडीतल्या दोन तारांवर सिग्नल उलटसुलट जातो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. पण हे होण्यासाठी सिग्नलच्या दोन्ही तारा एकाच पिळणीतल्या असायला हव्यात.

आता रंगांचा क्रम पुन्हा बघा. तिसऱ्या पिनेवर पांढरा-हिरवा आणि त्याचा जोडीदार हिरवा थेट सहाव्यावर. मध्ये निळी जोडी घुसलेली. माणसाला हे विचित्र वाटतं. तो म्हणतो, हिरवा हिरव्याशेजारी बरा, निळा निळ्याशेजारी बरा. म्हणून तो केशरीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी अशी सरळ ओळ लावतो आणि दोन्ही टोकांना तशीच लावतो. टेस्टर तर एवढंच बघतो की पहिली पिन पहिलीला पोचली का, तिसरी तिसरीला पोचली का. पोचलेली असतेच. दिवे लागतात, पैसे दिले जातात.

प्रत्यक्षात ३ आणि ६ या पिनांची सिग्नलची जोडी आता अर्धी हिरव्या पिळणीत आणि अर्धी निळ्या पिळणीत चालते. शेजारच्या तारेतला आवाज हिच्यात मिसळतो. पाच मीटरवर कळणारही नाही. चाळीस मीटरवर मात्र चित्र थबकतं, पळतं, तुकड्या-तुकड्यांत येतं, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

उपाय म्हणजे दोन्ही टोकं कापून नीट क्रमानं पुन्हा क्रिंप करणं, म्हणजे पकडीनं दाबून नवा कनेक्टर बसवणं. करताना जोडीची पिळण साधारण १३ मिलिमीटरच्या वर उकलू नका, आणि बाहेरचं साल कनेक्टरच्या आत इतकं जाऊ द्या की मागची पट्टी सालावर बसेल. तारा उघड्या लोंबत असतील तर ते टोक मी न तपासताच कापतो.

दिवसा ठणठणीत, पण रात्री सात वाजले की कॅमेरा बंद-चालू होऊन राहिला. काहून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बेसा रोडवरच्या एका घरी तर काकूंनी फोनशेजारच्या वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या: सहा पन्नासला बंद, सहा बावन्नला चालू, सहा त्रेपन्नला बंद. ती वही बघितली आणि कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी उत्तर मिळालं. काकूंना वाटत होतं कुणीतरी मुद्दाम करतंय.

अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक साधारण दुप्पट होते. दिवसा ३ वॉट घेणारा कॅमेरा रात्री ६ वॉट मागतो. आता समजा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घरात ठेवलाय आणि त्याची वीज लॅन केबलच्या उरलेल्या चार तारांतून ४० मीटरवरच्या गेटपर्यंत नेलीय. चांगल्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला ९.४ ओमपर्यंत असतो. जाताना दोन तारा, येताना दोन तारा, असं धरलं तर ४० मीटरच्या फेरीचा रोध होतो सुमारे ३.७५ ओम. रात्रीचा अर्धा अँपिअर त्यातून गेला की जवळपास १.९ व्होल्ट वाटेतच संपतात. कॅमेऱ्याला मिळतात १० च्या आसपास. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर रोध साधारण दीडपटीच्या वर जातो, आणि हातात उरतात ९ व्होल्ट. शिवाय व्होल्टेज पडलं की कॅमेरा करंट आणखी ओढतो, म्हणजे ते आणखी पडतं.

मग कॅमेरा गपकन बंद होतो. बंद झाला की ओझं गेलं, व्होल्टेज पुन्हा वर आलं, कॅमेरा सुरू झाला. सुरू झाल्यावर त्याला कळलं की अंधार आहे. लावले दिवे. पुन्हा बंद. हे रात्रभर चालतं आणि सकाळी सूर्य आला की कॅमेरा शहाण्यासारखा वागायला लागतो.

खात्री करायला ॲपमधून रात्रीचे इन्फ्रारेड दिवे बंद करा, किंवा सरळ गेटवर एक बल्ब लावा. कॅमेरा टिकला तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे पीओई. तिथे वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे त्याच ६ वॉटला जेमतेम ०.१२५ अँपिअर लागतो आणि त्याच वायरीत अर्धा व्होल्टही जात नाही. कॅमेरा पीओईचा नसेल तर त्याच्याजवळ पीओई स्प्लिटर (वीज वेगळी काढून कॅमेऱ्याला १२ व्होल्ट देणारी डबी) बसवा, किंवा ॲडॉप्टरच गेटजवळच्या बोर्डावर न्या. जास्त अँपिअरचा ॲडॉप्टर आणून काही होत नाही, कारण वीज कमी पडत नाहीये, ती वाटेत संपते आहे.

एक सावधगिरी. काही स्वस्त इंजेक्टर न विचारता ४८ व्होल्ट सोडतात. खरा ८०२.३ एएफ (हे पीओईचं मानक) स्विच आधी कॅमेऱ्याची ओळख विचारतो आणि मगच वीज देतो. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला तो आंधळा इंजेक्टर लावला तर कॅमेरा जळतो, आणि तो वासही लगेच येतो.

ही ॲल्युमिनियमवाली वायर ओळखायची कशी? दुकानदार तर कॅट सिक्सच म्हणतो.

बर्डीवर काय आणि इतवारीत काय, डब्यावर कॅट सिक्स (लॅन केबलची एक प्रत) छापणं फार सोपं आहे. एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसलं तर मुलामा आहे, तांबं सगळीकडे तांबूसच असतं. तार चार-सहा वेळा मागेपुढे वाकवा, ॲल्युमिनियम लवकर तुटतं. बारीक टोक लायटरवर धरलं तर ते मऊ पडून गळतं, तांबं लाल होतं आणि उभं राहतं. तार लोहचुंबकाला चिकटली तर आत चक्क लोखंड आहे, ती तर घेऊच नका.

ॲल्युमिनियमची वायर लॅन केबलच्या मानकात बसतच नाही. घरात दहा मीटरवर चालून जाते हे खरं. पण क्रिंप केलेल्या जागी ती दबते, कालांतरानं सैल होते, आणि दोन वर्षांनी ‘हलवलं की चालतो’ अशी तक्रार येते. ३०५ मीटरच्या डब्यात वाचवलेले पैसे दोन फेऱ्यांच्या मजुरीत निघून जातात.

पाऊस सुरू झाला की गेटचा कॅमेरा जातो, उन्हं पडली की येतो.

कनेक्टरमध्ये पाणी. कॅमेऱ्याच्या शेपटीला (त्यातून निघणाऱ्या छोट्या वायरीला) जिथे लॅन केबल लागते तो जोड उघडा, पिनांवर हिरवट थर दिसेल. ओलाव्यात वीज चालू राहिली की तांबं असंच खाल्लं जातं, आणि पीओईत तर वीज चोवीस तास असते. ब्रशनं घासून दोन आठवडे निघतील, पण टोक कापून नवं लावणं बरं. समोरची शेपटीच हिरवी झाली असेल तर ती बदलावी लागते.

कॅमेऱ्याच्या खोक्यात एक प्लॅस्टिकची जलरोधक टोपी येते, रबरी चकतीसह. लावणारे ती हमखास खोक्यातच ठेवतात कारण क्रिंप करायच्या आधी वायरीत ओवावी लागते आणि तोवर विसरलेलं असतं. ती शोधा आणि लावा. काळी इलेक्ट्रिकल टेप बाहेर चालत नाही. आपल्या मे महिन्यात तिचा गोंद वितळून चिकट लाळेसारखा होतो आणि पहिल्या पावसात ती लोंबते. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप मिळते, ती ताणून गुंडाळा. आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून टपकेल, वायरीवरून घरात येणार नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं होतं. त्या आठवड्यात बघितलेल्या बऱ्याच घरांत कॅमेरे भिंतीवर वर होते, ठीक होते. गेले ते जमिनीलगत टीव्हीच्या कपाटात ठेवलेले एनव्हीआर आणि स्विच. तेव्हापासून मी स्विच कमरेच्या वर लावल्याशिवाय काम घेत नाही.

उन्हानं वायर खराब होते का?

होते. घरात वापरायची राखाडी पीव्हीसी वायर गच्चीवर उघडी टाकली तर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. बाहेर काळं, उन्हाला टिकणारं साल असलेली वायर घ्या किंवा पाईपातून न्या. नवतपात स्लॅबवर पडलेली वायर हातात धरवत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरची वायर ६० वर गेली की जवळपास १६ टक्के जास्त. आधीच काठावर चालणारा कॅमेरा मग मे महिन्यातच बंद पडतो.

कूलर लावला की कॅमेरा अडकतो.

नागपूरचा खास प्रश्न! लॅन वायर कूलरच्या वायरीसोबत एकाच पाईपातून गेली आहे का ते आधी बघा. २३० व्होल्टची आणि लॅनची वायर एका पाईपात घालायची नाहीच, सिग्नलमधल्या गोंगाटापेक्षा शॉकच्या भीतीनं. दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडू द्या. पण बहुधा गुन्हेगार वेगळाच निघतो: कूलर, पंप आणि स्विचचा ॲडॉप्टर एकाच सैल एक्स्टेंशन बोर्डावर. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि स्विच रीस्टार्ट होतो. तसं असेल तर सगळेच कॅमेरे एकदम जातात. स्विच आणि एनव्हीआर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, म्हणजे लाइट गेल्यावरही रेकॉर्डिंग चालू राहील.

वीज पडली तेव्हापासून दोन पोर्ट मेलेत. पुढे काय काळजी घ्यायची?

घरावर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी लांब वायरीत झटका उमटतो. अवकाळीच्या दिवसांत विदर्भात हे नेहमीचं. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्याची हिरवी वायर खऱ्या अर्थिंगला जोडा. न्यूट्रलला जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणणारे भेटतात. ते धोकादायक आहे. आणि समोरच्या दुसऱ्या इमारतीत कॅमेरा न्यायचा असेल तर मधल्या टप्प्यात तांबं नकोच, फायबर टाका. काचेतून झटका येत नाही.

गेट लांब आहे, शेतावरच्या घरासारखं. किती अंतर चालतं?

१०० मीटर, पॅच कॉर्डसह. बऱ्याच स्विचवर ‘एक्स्टेंड’ असं बारीक बटण असतं, त्यानं वेग १० एमबीपीएसवर उतरतो आणि २५० मीटरपर्यंत जाता येतं. एका कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. अट एकच, वायर खऱ्या तांब्याची. अंतर मोजायला टेप नको, सालावर दर मीटरला किंवा फुटाला आकडा छापलेला असतो, दोन्ही टोकांचे आकडे वजा करा.

मधेच वायर तुटली. पिळून टेप लावली तर?

आज चालेल, पावसात जाईल. घरात असेल तर दोन कनेक्टर आणि एक कपलर (दोन कनेक्टर जोडणारी डबी). बाहेर असेल तर जेलीचे छोटे कनेक्टर वापरून डबीत बंद करा. उंदरानं कुरतडली असेल तर आधी पाईप टाका, नाहीतर तो पुन्हा तिथेच येतो. माळ्यावरच्या वायरी त्याला विशेष आवडतात असं माझं मत झालंय.

आठ पोर्टचा स्विच आहे, आठ कॅमेरे आहेत, तरी रात्री आठवा जातो.

स्विचच्या पाठीवर एकूण वॉट बघा. ६० वॉटच्या स्विचवर रात्री ८ वॉट खाणारे आठ कॅमेरे म्हणजे ६४. कुणीतरी उपाशी राहणारच, आणि स्विच बहुधा शेवटच्या पोर्टला उपाशी ठेवतो. वायरीचा दोष नाही.

एक कॅमेरा चालू केला की दुसरा जातो.

दोघांचा आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) एकच आहे. एकाचा बदला.

दिवाळीच्या रंगकामानंतर एक कॅमेरा काळा झाला. पेंटरनं वायर तोडली का?

शक्य आहे. पेंटर शिडी सरकवताना वायर ओढतात, केसिंग पट्टी काढून उलटी बसवतात, कधी उघड्या कनेक्टरच्या पिनांवर प्रायमर उडतो. वरचे सगळे प्रयोग करून बघा. पण त्याआधी खाली उभं राहून एकदा कॅमेऱ्याकडे नीट बघा. धरमपेठेत एका काकांच्या घरी मी अर्धा तास टेस्टर लावून बसलो होतो, आठही दिवे, क्रम बरोबर, वीज बरोबर. शेवटी त्यांचा नातू म्हणाला, ‘दादा, त्याच्यावर पिशवी आहे.’ रंग उडू नये म्हणून पेंटरनं कॅमेऱ्याला काळी प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती आणि तशीच ठेवून तो गेला होता.